अर्थ लागला, उजेड पडला

गेल्या नाताळच्या आधी पप्पांनी रात्री गाडी चालवायचं बंद केलं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. जांबोटीच्या रस्त्यावरून बेळगावला परत येत होतो. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. पुढे एक बैलगाडी चालली होती. ती पप्पांना दिसली तेव्हा आम्ही तिच्या अगदी मागे पोचलो होतो. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर त्यांनी चावी खिळ्याला अडकवली आणि आईला एवढंच म्हणाले, "डोळे गेले माझे आता."

त्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही गावी गेलो नाही. गावात आजी एकटीच असते आणि दर नाताळला तिला चर्चला नेणं हे पप्पांचं काम असतं. यंदा ती शेजाऱ्यांबरोबर गेली. फोनवर तिने तक्रार केली नाही, आणि पप्पांना तेच जास्त लागलं.

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची सुरुवात आहे, चष्म्याचा नंबरही थोडा बदललाय, असं ते म्हणाले. समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड डोळ्यांत पसरतो तो त्यामुळेच. "पण स्वतःच्या गाडीच्या उजेडात पुढची बैलगाडी दिसू नये, इतकं काही झालेलं नाही," हेही त्यांनी सांगितलं. पप्पांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, दुसरं सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी आईला आणायला मी गाडी काढली. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली आहेत, खरं रात्री ही गाडी मी फारशी चालवलेली नव्हती. (आमच्या बेळगावच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्या वाचकांसाठी एकदाच सांगून ठेवते.) रस्त्यावरचे दिवे संपले आणि माझ्या लक्षात आलं की मलाही काही दिसत नाही. माझं वय एकवीस, चष्मा नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या डोळ्यांचा नव्हता.

आमची गाडी १९९९ सालची, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष वयाचा होता आणि आमच्या आधीच्या कुणाच्या तरी हौसेचा. तो कसा शोधला ते क्रमाने लिहिते. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, इंजिनिअर नाही. तरी मला जमलं, म्हणजे तुम्हालाही जमेल.

करंटचा रस्ता

आमच्या ओळखीचे एक इलेक्ट्रिशियन काका आहेत. त्यांनी इंजिन चालू ठेवून दिवे लावायला सांगितले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बल्ब बरा हाय, खरं त्याला करंट पुरंना. अर्थ लागंना झालाय बघ पोरी."

तीन वर्षं वर्गात बसून मी कवितेचा अर्थ लावते आहे. हा अर्थ निराळा. वायरिंगवाल्यांच्या बोलीत 'अर्थ' म्हणजे करंटचा परतीचा रस्ता. मला ते नीट कळेना, तेव्हा काकांनी बॅटरीपासून समजावून सांगितलं.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या प्लस टर्मिनलमधून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, पुढे वायरीने हेडलाइटच्या कपलरपर्यंत आणि मग बल्बच्या तारेत. प्रवास इथे संपत नाही. करंटला बॅटरीच्या मायनसकडे परत जावं लागतं. या परतीसाठी सगळीकडे वेगळी वायर नसते. बल्बजवळून एक छोटी काळी वायर निघते आणि बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली असते. तिथून पुढे गाडीचा पत्राच वायरीचं काम करतो. पत्रा आणि इंजिन जाड पट्टीने बॅटरीच्या मायनसला जोडलेले असतात. या परतीच्या रस्त्याला 'अर्थ' किंवा 'अर्थिंग' म्हणतात.

रस्त्यात जिथे जिथे सांधा आहे, तिथे गंज, मळ किंवा ढिलाई आली की थोडे व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उष्णता होऊन वाया जातात. बल्बला उरलेलं मिळतं. आपण 'बल्ब मंद झाला' म्हणतो आणि नवीन बल्ब आणतो. नवीन बल्बही मंदच पेटतो, कारण पुरवठा तोच असतो.

हॅलोजन बल्बच्या बाबतीत हे फार महागात पडतं. व्होल्ट थोडे कमी झाले तर उजेड तितकाच थोडा कमी होत नाही, त्याहून कितीतरी जास्त कमी होतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. आणि हे हळूहळू, वर्षानुवर्षं होत जातं, त्यामुळे चालवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्याला वाटतं, आपलं वय झालं.

लक्षणं काय सांगतात

गाडीखाली शिरण्याआधी नुसतं बघूनही बरंच कळतं. काकांनी सांगितलेलं आणि पुढे मी स्वतः पडताळलेलं असं:

एकच दिवा बंद आहे, दुसरा चांगला पेटतोय: आधी बल्ब बघा. तार तुटलेली दिसते किंवा काच आतून काळवंडलेली असते. बल्ब ठीक असेल तर त्याच बाजूचा फ्यूज, कपलर आणि अर्थ.

दोन्ही दिवे एकदम गेले: दोन्ही बल्ब एकाच वेळी उडणं क्वचित. मेन फ्यूज, स्विच किंवा दोघांना मिळून असलेलं कनेक्शन तपासा.

अप्पर लागतो, डिपर लागत नाही, किंवा उलट: हेडलाइटच्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. त्यातली एक तुटली असेल. दोन्ही बाजूंना तेच होत असेल तर संशय डिपरच्या स्विचवर घ्या.

इंजिन हळू चालू असताना दिवे मंद, रेस दिली की लख्ख: चार्जिंग कमी आहे. फॅन बेल्ट ढिला असेल, अल्टरनेटर थकला असेल, नाहीतर बॅटरी संपत आली असेल. अल्टरनेटरला गॅरेजवाले अजून 'डायनामो' म्हणतात, दुकानात तोच शब्द वापरलात तरी चालतं.

खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकतो: लूज कनेक्शन. बहुतेक वेळा बल्बचं होल्डर किंवा अर्थचा स्क्रू.

इंडिकेटर दिला की दुसराच दिवा त्याच्या तालावर मिचमिचतो: हा जुन्या गाड्यांचा खास आजार. अर्थ तुटली की करंट परतीसाठी शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बल्ब बदलून हे कधीच बरं होत नाही.

बल्ब महिना-दोन महिन्यांत उडतात: इथे दोष उलटा आहे, व्होल्टेज जास्त मिळतंय. चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय.

आमच्या गाडीत दोन्ही दिवे मंद होते, रेस देऊनही फारसा फरक पडत नव्हता, आणि डावा इंडिकेटर दिला की डावा पार्किंग लाइट हलकेच लुकलुकायचा. ते लुकलुकणं आम्ही तीन वर्षं बघत होतो. आम्हाला वाटायचं, गाडीला तशी सवय आहे.

पाहणी कुठून सुरू करायची

साहित्य फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश. हातातली अंगठी, बांगडी, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण धातूची वस्तू प्लस टर्मिनल आणि पत्रा यांच्यामध्ये अडकली तर ती क्षणात लालभडक होते. बॅटरीजवळ काडी पेटवू नका, तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

पहिली पायरी बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोन टर्मिनलांवर टोकं लावा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील.

दुसरी पायरी चार्जिंग. इंजिन चालू करून तिथेच पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. दिवे लावल्यावर थोडं उतरेल, तेवढं चालतं.

तिसरी पायरी टर्मिनलं. त्यांच्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर खायचा सोडा गरम पाण्यात घालून टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी काढायची, जोडताना मायनस शेवटी. कोरडं झाल्यावर टर्मिनल कसा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा.

चौथी पायरी फ्यूज. डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूजही त्याच्या पायांवर गंजलेला असू शकतो. काढून, पाय घासून परत बसवा.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत हीच राहून जाते. दिवे चालू असताना रस्त्यात किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. नुसता कपलर काढून मोजलंत तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. पाण्याच्या नळासारखं आहे हे. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, नळ सोडल्यावर धार बारीक येते. म्हणून बल्ब जोडलेलाच ठेवायचा, इंजिन चालू, डिपर चालू, आणि कपलरच्या मागच्या बाजूने मीटरचं टोक आत सरकवायचं.

एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बला करंट आणणाऱ्या पिनवर. जो आकडा येईल तो जाण्याच्या रस्त्यातला तोटा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं बल्बच्या अर्थ पिनवर. हा परतीच्या रस्त्यातला तोटा. तो ०.२ च्या आसपास असला की समाधान माना. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला बसवलेला असतो, म्हणून आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम आधी बघून घ्या.

आमच्या गाडीत काय सापडलं

बॅटरीवर १३.९ व्होल्ट. जाण्याच्या रस्त्यात तोटा १.४. परतीच्या रस्त्यात तोटा ०.९. म्हणजे बल्बच्या वाट्याला ११.६ व्होल्ट. मघाशी सांगितलेल्या हिशोबाने बघितलं तर १३.९ व्होल्टवर जितका उजेड पडला असता, त्याच्या जवळजवळ निम्माच पडत होता.

परतीचा तोटा कुठे होता ते लगेच दिसलं. हेडलाइटमागे अर्थचा जो स्क्रू होता, त्याच्याखाली पत्र्यावर गंजाची जाड पापडी. बेळगावचा पाऊस जुन्या पत्र्याला सोडत नाही. स्क्रू काढला, पत्रा आणि वायरीचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासलं, परत घट्ट कसलं आणि वरून ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम. परतीचा तोटा ०.९ वरून ०.२ वर आला आणि इंडिकेटरबरोबर लुकलुकणारा पार्किंग लाइट गप्प झाला.

जाण्याच्या रस्त्याचं कारण वेगळं होतं. बल्ब बाहेर काढला तर त्यावर १००/९० वॉट लिहिलेलं. गाडीला मुळात ६०/५५ चा बल्ब. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी मोठे बल्ब टाकले असावेत. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधूनच जातो. ५५ वॉटचे दोन डिपर सुमारे ९ अँपिअर घेतात, ९० वॉटचे दोन सुमारे १५. बारीक वायरीवर आणि जुन्या स्विचवर हा भार पडला, तोटा वाढला, आणि त्यातून वीसेक वॉट उष्णता वाटेतच तयार होत राहिली. कपलरचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. गंमत अशी की ९० वॉटचा हा बल्ब ५५ च्या चांगल्या बल्बपेक्षा कमी उजेड देत होता. आणखी थोडी वर्षं अशीच गेली असती तर वायरिंगने पेट घ्यायलाही कमी केलं नसतं.

यावर उपाय रिले. रिले म्हणजे मोठ्या करंटचा एक स्विच, जो छोट्या करंटने चालतो. बॅटरीच्या प्लसपासून जाड वायर, लगेच तिच्यात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ नंबरच्या पिनपासून जाड वायर बल्बला. स्विचची जुनी वायर ८६ ला आणि ८५ ला अर्थ. आता स्विचला फक्त रिले ओढण्यापुरता, म्हणजे एक अँपिअरपेक्षा कितीतरी कमी करंट वाहावा लागतो. अप्परला एक रिले, डिपरला एक. हे काम मी एकटीने केलं नाही. काकांनी केलं, मी वायरी सोलून दिल्या आणि प्रत्येक जोडणीनंतर आकडा वाचून दाखवला. नवे कपलर आणि मूळ मापाचे ६०/५५ चे बल्ब बसवले.

शेवटचा आकडा: बॅटरीवर १४.०, बल्बवर १३.५.

तीन गोष्टी करू नका

फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावू नका. फ्यूज उडणं हा निरोप आहे. तो दाबून टाकलात की पुढचा निरोप धुराच्या रूपाने येतो.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो, तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून घ्या.

हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब घुसवू नका. आतला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. उजेडाची जागा हलली की तो रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोर कुणाचे तरी पप्पा असतील आणि त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात असेल.

पुन्हा त्याच रस्त्याने

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीसाठी आम्ही गावी गेलो. जाताना उजेड होता, गाडी मी चालवली. परतताना मध्यरात्र होत आली होती. आजीला घरी सोडलं. पप्पांनी काही न बोलता माझ्या हातातून चावी घेतली.

जांबोटीच्या रस्त्याला झाडी दाट आहे. त्यांनी अप्पर लावला आणि पुढचं वळण, वळणावरचा दगड, दगडावरचा किलोमीटरचा आकडा, सगळं उजेडात आलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी असाच चालवत होतो?"

समोरून ट्रक आला की त्यांचे डोळे अजून दिपतात. तेवढा दोष डोळ्यांचा आहे आणि त्याचं ऑपरेशन कधीतरी करावं लागेल, हे त्यांनाही मान्य आहे. ट्रक आला की ते वेग कमी करतात, डावीकडे घेतात आणि तो गेल्यावर पुढे निघतात. स्वतःचं किती आणि गाडीचं किती, हे आता त्यांना ठाऊक आहे. बाकीचं सगळं त्यांनी उगाच स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं होतं.

तुमच्याही घरात 'आता रात्री मला जमत नाही' असं म्हणणारं कुणी असेल, तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जरूर न्या. आणि त्याच आठवड्यात मल्टीमीटर घेऊन गाडीचं बॉनेटही एकदा उघडा.